झाड ऑगस्टमध्ये बघू नका, मे महिन्याचं विचारा

नर्सरीत गर्दी होते ती जुलै-ऑगस्टमध्ये. दोन-चार पाऊस झालेले असतात, हवेत ओल असते आणि त्या दिवसांत कुठलंही रोप हिरवंगार, तजेलदारच दिसतं. मराठवाड्यातल्या घरगुती बागा फसतात त्या इथंच. आणलेलं रोप तसं दिसणार असतं जेमतेम दोन-तीन महिने. बाकीचं वर्ष त्याला कोरड्या हवेत, बोअरच्या क्षारट पाण्यावर काढायचं असतं आणि शेवटी चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन झेलायचं असतं. म्हणून वर्षानुवर्षं टिकणारं झाड घ्यायचं असेल तर रंग, वास, उंची, किंमत हे सगळं मागे ठेवून आधी एवढंच विचारावं: हे झाड मे महिन्यात काय करतं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात निम्मी बागकाम-विद्या येते.

आधी बहुवार्षिक म्हणजे काय ते बघू. झेंडू, मका, हरभरा ही झाडं एका हंगामात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि मरतात. ती हंगामी. गाजर, कांदा यांना बी धरायला दुसरा हंगाम लागतो. आणि जी झाडं एकदा फुलून मरत नाहीत, वर्षामागून वर्ष फुटत राहतात, ती बहुवार्षिक. मग त्यात चिंचेसारखा महावृक्षही आला आणि गवती चहाचं बेटही आलं. गंमत अशी की आपण हंगामी समजतो अशी बरीच झाडं मुळात बहुवार्षिक आहेत. मिरची, वांगं, एरंड यांना पाणी आणि छाटणी मिळाली तर ती दुसऱ्या वर्षीही फुटतात. कापूससुद्धा. शेतात आपण त्याच्या पऱ्हाट्या करून रान मोकळं करतो, पण देवकापसाचं झाड परसात कित्येक वर्षं उभं असतं आणि त्याच्या बोंडांतून घरच्या वाती निघतात. तुळस दोन-तीन वर्षांची धनी. मंजिऱ्या खुडत राहिलात तर ती जास्त टिकते, कारण बी धरण्यात तिची सगळी ताकद जाते. उलट घायपात दहा-वीस वर्षं नुसती पानं वाढवतं, एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि संपतं. आजूबाजूला पिलं तेवढी ठेवून जातं.

परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून बाग लावणाऱ्यांची फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. थंड देशांत बहुवार्षिक झाडांची कसोटी बर्फात लागते. झाड जमिनीवर वाळून जातं, मुळं बर्फाखाली झोपतात, वसंतात परत फुटतात. तिथल्या सगळ्या याद्या, हवामानाचे सगळे पट्टे, किती कमी तापमान सोसेल या एकाच मोजमापावर बांधलेले असतात. आपल्याकडे परभणीचा पारा एखाद्या डिसेंबरात पाच अंशांच्या खाली उतरतो खरा, पण ती थंडी चार दिवसांची. क्रोटॉन, केळ, अडेनियम थोडं काळवंडतं, सावरतं. आपल्या झाडांची झोपायची वेळ उन्हाळ्यात येते. ट्युलिप, पिओनी, होस्टा यांना कळी धरण्यासाठी किंवा नव्याने फुटण्यासाठी कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. ती लातूरला कुठून आणणार? लॅव्हेंडरला थंडीची तेवढी गरज नाही, पण पावसाळ्यातली दमट हवा आणि ओली काळी माती ते सोसत नाही. ऑनलाइन येणारी कंदांची पाकिटं बघून मोह होतो. तेवढ्या पैशांत मोगऱ्याची चांगली रोपं येतात, इतकंच सांगतो.

मे महिना काढण्याच्या तऱ्हा

कोरड्या प्रदेशातली झाडं उन्हाळा निभावतात त्या ढोबळमानाने चार तऱ्हांनी. तुमच्या झाडाची तऱ्हा ओळखली की त्याला पाणी किती, कधी आणि केव्हा मुळीच नाही, हे वेगळं शिकावं लागत नाही.

पहिली तऱ्हा जमिनीत दडी मारण्याची. पावसाळाभर पानांनी जे अन्न तयार केलं ते कंदात साठवायचं, पानं वाळू द्यायची आणि पुढचे महिने मातीखाली काढायचे. वसमतच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको, हळद दुसरं काय करते? बागेसाठी या गटात फार देखणी झाडं आहेत. फुटबॉल लिलीचा लाल गोळा मे-जूनमध्ये वर येतो, पुष्कळदा पानांच्याही आधी. रेन लिलीला वळवाचा एक पाऊस पुरतो, चार-पाच दिवसांत वाफा फुलतो. कळलावी पावसाळ्यात वेलीसारखी चढते, पानांच्या टोकांनी आधार धरते, ज्वाळेसारखी फुलं देते आणि हिवाळ्यात गडप होते. मात्र तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. घरात लहान मुलं असतील तर नकोच. निशिगंध, म्हणजे गुलछडी, याच गटातली, फक्त पाणी दिलं तर उन्हाळ्यातही जागी राहते. या झाडांबाबत लोक हटकून एक गोष्ट करतात: पानं वाळली की झाड मेलं समजून उपटतात, नाहीतर जिवंत करण्यासाठी पाणी ओततात. झोपलेल्या कंदाला रोज पाणी दिलं तर तो कुजतो. कंद जिथे आहे तिथे काडी रोवून ठेवा आणि त्याला विसरा.

दुसरी तऱ्हा पानं टाकण्याची. झाडातलं पाणी उडतं ते मुख्यतः पानांवरच्या बारीक छिद्रांतून. पानंच नसली तर खर्चच थांबला. पळस, पांगारा, देवचाफा (पुढे नुसता चाफा म्हटलाय तो हाच, सोनचाफा नव्हे), बहावा, सीताफळ ही सगळी याच पंथाची. चाफ्याची जाड फांदी आत पाणी आणि चीक धरून असते, म्हणून पानं नसतानाही ती फुलं काढू शकते. बहावा एप्रिल-मेमध्ये जवळजवळ निष्पर्ण होऊन पिवळ्या झुंबरांनी भरतो. सीताफळ उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांचा भारा दिसतं आणि पावसाच्या चाहुलीने फुटतं. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या मुरमाड उतारांवर ते कुणी न लावता, कुणी पाणी न घालता वाढलेलं आहे ते यामुळेच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे ही जमीन आणि हे हवामान आहे. परसात एकच फळझाड लावायची जागा असेल आणि पाण्याची खात्री नसेल तर माझं मत सीताफळाला. आंब्याचं वेड मला समजतं, पण आंब्याच्या कलमाला पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं.

तिसरी तऱ्हा पाणी साठवणाऱ्यांची: कोरफड, निवडुंग, शेर, घायपात, अडेनियम. यांतली कोरफड, निवडुंग आणि घायपात आणखी एक युक्ती करतात. इतर झाडं दिवसा छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. ही मंडळी दिवसा छिद्रं बंद ठेवतात, रात्री गारव्यात उघडतात, वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा प्रकाश मिळाला की त्याचं अन्न करतात. याची किंमत म्हणजे त्यांची वाढ हळू. कोरफड उन्हात तांबूस पडली तर घाबरू नये, ती मरत नसते. ती मरते ऑगस्टमध्ये, पाणी साचून चिबडलेल्या वाफ्यात.

चौथी तऱ्हा सगळ्यांत कष्टाची. हिरवं राहायचं, पण पाणी खोलवरून आणायचं आणि जपून खर्चायचं. कडुलिंब पाडव्याच्या सुमारास कोवळ्या पालवीवर येतो, ऐन उन्हाळा तोंडावर असताना. मुळं ओलीपर्यंत पोचलेली असल्याशिवाय असं धाडस कुठलं झाड करणार नाही. करवंद, बाभूळ, चिंच हीसुद्धा याच जातकुळीतली. कण्हेराचं पान उलटं करून भिंगातून बघा: छिद्रं उघड्यावर नसून बारीक खळग्यांत दडलेली असतात आणि खळग्यात लव असते, म्हणजे गरम वारा थेट लागत नाही. महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर आणि बोगनवेल दिसते ती काही कुणाच्या आवडीने नाही. शिवाय कण्हेराला शेळ्या तोंड लावत नाहीत, गावाकडे ही फार मोठी गोष्ट. पण का लावत नाहीत, तेही लक्षात ठेवा. झाड नखशिखांत विषारी आहे. वाळा याच गटातलं गवत. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, काळ्या मातीत बांधाची धूप थांबवतात आणि उन्हाळ्यात माठात टाकायला मिळतात.

आणि पाचवा गट? तो निभावतच नाही. जाड मखमली किंवा रुंद पातळ पानांची, दमट रानांतून आलेली झाडं: अँथुरियम, फर्न, कॅलेथिया, सोनटक्का. घराच्या सावलीत, न्हाणीच्या पाण्याजवळ सोनटक्का तग धरतो. बाकीच्यांसाठी रोज फवारा मारायची तयारी हवी.

काळी आणि मुरमाड: एकाच जिल्ह्यात दोन देश

पावसाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर या काळात मराठवाड्याची सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास. बीडला ती 600 च्या आत, नांदेडला 800 च्या पुढे. पण बहुवार्षिक झाडाला पावसापेक्षा माती जास्त नडते, कारण हंगामी पीक वरच्या वीतभर मातीत आटोपतं, झाडाला मात्र वर्षानुवर्षं खाली जायचं असतं.

आपली काळी माती बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर, बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त. या चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात, सुकले की आकसतात. म्हणून ऑगस्टमध्ये ती चिबडते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा देते. दोन्ही गोष्टी मुळांच्या मुळावर. चिबडलेल्या मातीत हवाच नसते, मुळांना श्वास मिळत नाही, ती कुजतात. झाड भर पावसात कोमेजतं आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात भेग पडली की तिच्यात आलेली बारीक मुळं ताणून तुटतात आणि भेगेतून खालची ओलही उडून जाते. भेगा बुजवायला पाणी ओतू नका. वरची दोन-तीन बोटं माती कुदळीने हलवून भुसभुशीत करा आणि तिच्यावर पालापाचोळा पसरा.

मुरमाड जमिनीचं सगळं उलटं. पाणी थांबतच नाही, वाहून जातं, आणि हात-दीड हातावर खडक लागतो. पण हवा खेळती असते आणि मूळ कुजत नाही. चाफा, सीताफळ, बोगनवेल, करवंद, अडेनियम यांना मुरूमच मानवतो. मोगरा, जास्वंद, गुलाब, पेरू, लिंबू यांना मध्यम माती हवी. केळ, कर्दळ, हळद खोल काळीत सुखी, बशर्ते पाणी साचता कामा नये. तुमच्याकडे नेमकं काय आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दीड फूट खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर तिथे थेट जमिनीत झाड लावू नका, उंचवटा करा.

आता चुनखडी. माती खणताना पांढरे खडे लागतात ना, तो चुना. चिमूटभर मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका; फसफसलं तर चुना भरपूर आहे. अशा मातीचा सामू (पीएच) साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि एवढ्या सामूला मातीतलं लोह विरघळत नाही. लोह मातीत असतं, झाडाला मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोसंबी, लिंबू, एक्झोरा, जास्वंद, गुलाब यांच्यात हे सर्रास दिसतं. पिवळी पडलेली पानं कोवळी आहेत की जून, एवढं बघितलं तरी अर्धं निदान झालं. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्यावर दिसते. लोहाच्या कमतरतेत युरिया टाकणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्याने काहीच होत नाही.

उपाय? लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर दुकानात चिलेटेड लोह मिळतं, पण पुडीवर बघून घ्या: ईडीटीए प्रकारचं आपल्या मातीत लवकर निकामी होतं, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. ते महाग आहे. गंधक टाकून माती आंबट करण्याचा सल्ला खूप फिरतो. चुना थोडा असेल तर ठीक, पण खडे दिसण्याइतका चुना असेल तर गंधक पोत्यांनी टाकलं तरी चुना ते पचवून टाकतो. जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचं औषध, चुनखडीचं नव्हे. हायड्रेंजिया, अझेलिया, कॅमेलिया या आंबट मातीच्या झाडांचा नाद सरळ सोडावा. चिंच, बोर, कडुलिंब, सीताफळ, कण्हेर, बोगनवेल, मोगरा यांना चुन्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

खड्डा, पिशवी, मुहूर्त

सगळे सांगतात, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, आतली माती फेका आणि लाल माती, शेणखत, वाळू भरा. मुरमाड जमिनीत हे उत्तम, तिथे मोठा खड्डाच घ्यावा आणि त्यात काळी माती व शेणखत मिसळून भरावं. काळ्या मातीत मात्र हाच खड्डा हौद होतो. सभोवती चिकणमातीच्या भिंती, आत भुसभुशीत भरणा; पावसाचं पाणी चहूबाजूंनी त्यात उतरतं आणि बाहेर पडत नाही. शिवाय मुळं मऊ मातीतून कडक मातीत शिरायला तयार होत नाहीत, खड्ड्यातच गोल फिरतात. काळीत खड्डा रुंद आणि उथळ घ्यावा, कडा कुदळीने ओबडधोबड कराव्यात, निघालेलीच माती तीन हिस्से आणि कुजलेलं शेणखत एक हिस्सा मिसळून परत भरावी आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर बसवावं. वाळवी असेल, आणि ती असतेच, तर खड्ड्यात दोन-तीन मुठी निंबोळी पेंड टाका.

रोप निवडताना फुलाकडे बघू नका, पिशवीच्या बुडाकडे बघा. मुळं भोकांतून बाहेर येऊन वळसे घेत असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. ते वळसे जमिनीतही सुटत नाहीत, जाड होत जातात आणि काही वर्षांनी वादळात झाड मुळासकट कलंडतं. घ्यायचंच असेल तर बाहेरची गुंडाळलेली मुळं कात्रीने उभी कापून लावा. कलम असेल तर जोड घट्ट भरलेला आहे ना, आणि जोडाखालून गावठी फूट आलेली नाही ना, हे तपासा. ती फूट पुढे कलमालाच मारते. केसर आंबा, मोसंबी, सीताफळ यांची कलमं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून घ्यावीत. जातीची खात्री ही एकच गोष्ट फळझाडात नंतर दुरुस्त होत नाही. कळायलाच चार वर्षं जातात.

शोभेची पुष्कळ रोपं आपल्याकडे आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. राजमहेंद्रीजवळचा हा भाग, म्हणजे पैठण-नांदेडवरून गेलेली आपलीच गोदावरी समुद्राकडे जाताना जिथे फाटे घेते तिथला. नदी एक, पण तिथली हवा दमट, माती नदीच्या गाळाची. त्या रोपांच्या मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतो. तो तसाच लावला तर वरून दिलेलं पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडा राहतो. लावण्याआधी गोळा बादलीत भिजवून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करा. आणि कुठूनही आणलेलं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असेल तर आठ-दहा दिवस सकाळचंच ऊन दाखवून मग जागेवर लावा. नर्सरीवाल्याला विचारायला लाजू नका: दादा, हे उन्हाळ्यात पानं टाकतं का? बोअरचं पाणी चालतं का? कुठून आलंय? तिन्हींची उत्तरं नीट देणारा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा.

लावण्याचा मुहूर्त मृगाचा पहिला पाऊस नव्हे. त्या पावसाने वरची चार बोटं ओली होतात आणि पुढे खंड पडला की रोप अडकतं. जमीन हातभर खोल भिजली आणि वाफसा आला, म्हणजे ओल असूनही माती चिकटेनाशी झाली, की लावा. बहुतेक वर्षी हे जूनअखेर ते जुलैमध्ये होतं. काळ्या मातीत सप्टेंबरची लागणही चांगली, कारण थंडीपर्यंत मुळं धरतात. फेब्रुवारी ते मे या काळात नवीन झाड लावू नये. वाढदिवसाचं झाड वाढदिवशीच लावायचं असेल आणि तो एप्रिलमध्ये असेल, तर कुंडीत सावलीला ठेवा, जुलैत लावा.

पाणी द्यायचं, पण रोज नाही

कितीही काटक झाड असलं तरी पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी लागतं. सीताफळालाही आणि कडुलिंबालाही. रस्त्याकडेला लावलेली पुष्कळ झाडं मरतात ती दुसऱ्या वर्षी, कारण पहिल्या वर्षी टँकर येतो.

रोज तांब्याभर पाणी हा सगळ्यांत वाईट प्रकार. वरची दोन इंच माती भिजते, मुळं तिथेच राहतात आणि एखादा दिवस चुकला की झाड मान टाकतं. आठवड्यातून एकदा, पण पाणी हातभर खोल जाईल एवढं द्या. मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी. मुळं पाण्यामागे खाली जातात. पाणी बुंध्याशी न घालता फांद्यांच्या घेराखाली आळं करून घाला, कारण पिणारी मुळं तिथे असतात.

मडकं हा या भागासाठी अजूनही मोल न ओळखलेला उपाय आहे. न रंगवलेलं, पाझरणारं पाच-दहा लिटरचं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. माती कोरडी पडली की पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ थांबते. म्हणजे किती पाणी द्यायचं हे मातीच ठरवते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षात बागेला पाइपाने पाणी घालता येत नाही आणि घालूही नये. मडक्यात आठवड्याला दोन बादल्या ओतता येतात. बोअरच्या जड पाण्याने मडक्याची छिद्रं एक-दोन वर्षांत बुजतात. मग काढून घासा किंवा बदला.

मडक्याच्या जोडीला आच्छादन. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळलेला पाला, काहीही चालेल. तीन-चार इंच जाड थर द्या, बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा. माती थंड राहते, भेगा पडत नाहीत. पाला जाळणाऱ्या शेजाऱ्याकडून पोतं मागून आणा.

पाण्यातल्या क्षारांविषयी थोडक्यात. पानांच्या कडा आणि टोकं करपत असतील, मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साचलेत. पाणी शुद्धीकरण यंत्रातून (आरओ) बाहेर टाकलं जाणारं सांडपाणी झाडांना घालायची पद्धत पडली आहे. त्यात क्षार मूळ पाण्याहून दाट असतात, फरशी पुसायला वापरा. पावसाळ्यात छतावरचं पाणी एकदा-दोनदा आळ्यात भरपूर सोडलं की क्षार खाली धुपून जातात, फक्त निचरा हवा.

ताण आणि बहार

फळबाग करणाऱ्या शेतकऱ्याला जे माहीत असतं ते हौशी बागवाल्याला पटवणं फार अवघड जातं: फुलं हवी असतील तर काही दिवस पाणी तोडावं लागतं. जालन्याकडचा मोसंबीवाला आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून थंडीत पाणी तोडतो, पानं थोडी गळू देतो, मग खत-पाणी देतो आणि झाड फुलून येतं. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार ही सगळी ताण कधी द्यायचा याचीच गणितं. बोगनवेलीला रोज पाणी दिलं तर ती पानं देते. ताणावर ठेवली की रंग देते. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडा, जानेवारीत पानं काढून अर्ध्यावर छाटा, आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू करा, मार्चपासून कळ्या. लिंबाचं झाड नुसतं माजतंय आणि फळ नाही, ही तक्रार घराघरांत असते. त्याचं कारण बहुधा शेजारची न्हाणी.

गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, चाफ्याला छाटणी लागतच नाही, शेवगा मात्र दरवर्षी कमरेएवढा छाटावा, नाहीतर शेंगा काढायला शिडी लागते. गवती चहा, कर्दळ, निशिगंध यांची बेटं दोन-तीन वर्षांनी मध्यभागी पोकळ आणि थकलेली दिसू लागतात. ती पावसाच्या तोंडावर खणून, फोडून, कडेचे जोमदार तुकडे नव्याने लावायचे. उरलेले वाटून टाकायचे. चाफ्याची फांदी कुणी दिली तर लगेच रोवू नका, आठवडाभर सावलीत चीक वाळू द्या.

भिंतीपासून किती लांब

काळ्या मातीवर घर बांधलेल्यांनी हे जरूर वाचावं. मोठं झाड उन्हाळ्यात पायाजवळची ओल ओढून घेतं, तिथली माती जास्त आकसते, पाया एका बाजूला खचतो आणि भिंतीत तिरपी भेग उमटते. मुळांनी पाया फोडला असं आपण म्हणतो. पुष्कळदा मुळांनी पायाला हातही लावलेला नसतो, मातीतलं पाणी प्यायलेलं असतं. म्हणून काळीत झाड पूर्ण वाढीला जेवढं उंच होणार, साधारण तेवढं अंतर घरापासून ठेवावं. वड, पिंपळ, उंबर छोट्या प्लॉटमध्ये नकोतच. गुलमोहर दिसतो सुंदर, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात गाडीवर पडणारा पहिला तोच.

तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधून पुढे दहा-बारा फुटांची पट्टी उरली असेल, जमीन काळी असेल आणि पाणी आठवड्यातून एकदाच येत असेल, तर मी असं लावेन. फाटकाजवळ उंचवट्यावर एक चाफा, ठेंगणा राखलेला. पश्चिमेच्या कुंपणाला बोगनवेल, दुपारचं ऊन अडवायला. पूर्वेच्या बाजूला दोन मोगरे आणि एक कढीपत्ता. मागे न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, आणि साबणाचं पाणी तिच्यातून गेल्यावर पुढे गवती चहा. कोपऱ्यात सीताफळाचं एक कलम, त्याच्या आळ्याच्या कडेने रेन लिलीचे कंद. कुंपणाच्या तारेवर गोकर्ण. एवढ्याला उन्हाळ्यात चार-पाच मडकी आणि आठवड्याला पंधरा-वीस बादल्या पाणी लागेल, तिसऱ्या उन्हाळ्यापासून निम्मं.